खरेदीला खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. इंदूरला राजवाड्याजवळ उंची घड्याळांचं एक दुकान होतं, तिथेच माझा जन्म गेला. माझे हात सागवानी, पाठ थोडी कलती. बसणाऱ्याला उठावंसं वाटू नये, असं सुताराला बजावून अप्पासाहेबांनी मला करून घेतलं होतं.

अप्पासाहेबांच्या वडिलांनी दरबारातल्या घड्याळांना चाव्या दिलेल्या. संस्थान गेलं तेव्हा अप्पासाहेबांनी हे दुकान थाटलं. गिऱ्हाईक उंबरठ्यात दिसलं की त्यांचा पहिला शब्द 'बसा'. काय हवं, ते मागाहून. घड्याळ घेणाराही माझ्यावर बसायचा आणि बिघडलेलं घेऊन येणाराही. बसणाऱ्यांनी माझा वेत सैल व्हायचा, पण माझी ऐट काही कमी व्हायची नाही.

पुढे मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि अप्पासाहेबही गेले. दुकान त्यांच्या मुलाकडे, उदयसिंहांकडे आलं. त्यांनी काचेची कपाटं केली, स्विस घड्याळं मखमलीवर मांडली आणि आपली नवी रीत पाडली. खरेदीला खुर्ची, तक्रारीला उंबरठा.

आनंदीबाई कन्याशाळेत शिकवायच्या. नवरा वारलेला, पदरी एकच मुलगी, भानुमती. तिचं लग्न देपालपूरच्या बाळकृष्णाशी ठरलं, तेव्हा जावयासाठी घड्याळ घ्यायला बाई आल्या. उदयसिंहांनी त्यांना माझ्यावर बसवलं, वाळ्याचं सरबत दिलं.

"बाईजी, ये तो नातवापर्यंत चालेल. बेफिकीर राहा."

बाई समाधानाने हसल्या. माझ्या हातांवर त्यांचे हात होते. मला वाटलं, लग्न आपल्याच घरचं आहे.

महिन्याभरातच ते घड्याळ बंद पडलं. मायलेकी दुकानात आल्या, तर माझ्यावर रिकाम्या खोक्यांची चळत. 'बसा' कुणी म्हटलं नाही.

"पाणी गेलं असेल, बाई. हे गॅरंटीत बसत नाही," उदयसिंह वरही न बघता म्हणाले.

"पाणी कुठलं हो? जावयांनी धड वापरलंसुद्धा नाही." आनंदीबाईंचा आवाज खाली आला. "विहीणबाईंनी मुलीला परत पाठवलंय. म्हणतात, बंद घड्याळ अपशकुनी. ते चालू होईल तेव्हाच ये."

भानुमती जमिनीकडे बघत उभी होती.

"ठीक है, कंपनीला पाठवतो. टाइम लागेल."

पण घड्याळ कुठेच गेलं नाही. माझ्यासमोरच्या खणात ते धूळ खात पडलं. शाळा सुटली की बाई यायच्या, उभ्या राहायच्या, "आलं नाही अजून" एवढं ऐकून परत जायच्या. मला सगळं दिसत होतं. पण लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो. मी नुसती जळत होते. दिवाळसण जावयावाचून गेला, संक्रांतही गेली.

शिमग्याच्या सुमारास बाई आल्या आणि दारातून हलेचनात. मोटारीतून उतरलेलं एक बडं गिऱ्हाईक त्यांना बघून घुटमळलं. तेव्हा कुठे उदयसिंहांनी खण उघडला आणि घड्याळ कारागिराकडे दिलं. आतला एक स्क्रू सैल झाला होता, बस. कारागिराने तो पिळला आणि घड्याळ चालू लागलं.

"देखा? छोटीसी बात थी," उदयसिंह म्हणाले. मोटारवाला ऐकत होता ना! त्यांनी माझ्यावरची खोकी स्वतः उचलली. "बसा ना, बाईजी. चहा मागवतो."

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"कालच देपालपूरहून निरोप आला," त्या म्हणाल्या. "घड्याळही नको आणि मुलगीही नको. मला बसा म्हणू नका, साहेब. माझी मुलगी घरी बसलीय, तेवढं पुरे."

घड्याळ काचेवर तसंच ठेवून त्या पायऱ्या उतरल्या. मग मोटारवाला येऊन माझ्यावर बसला, आणि त्याला नाही म्हणणं माझ्या हाती नव्हतं.

आता मी एका माळ्यावर आहे, एक पाय मोडलेला. त्याचं दुःख नाही, म्हातारपण कुणाला चुकलंय? पण मित्रांनो, तुमच्या दारी कुणी बिघडलेली वस्तू घेऊन आलं, तर आधी त्याला बसवा. वस्तूसोबत त्याचं आणखी काय अडलंय, ते उभ्या माणसाला सांगता येत नाही.