झोपेत खाल्लेले दात

मत्स्यालयात त्याला सगळे थंडोबा म्हणत. निळसर उजेडाच्या त्या लांबलचक दालनात तो दिवसभर काचा पुसायचा, माशांना खाऊ घालायचा, आणि पोरांनी काचेवर हात आपटले तरी आवाज चढवायचा नाही. जवळ जाऊन हळूच म्हणायचा, "घाबरतात रे ते." साहेबांनी फैलावर घेतलं तरी मान डोलवून पुन्हा फडक्याकडे वळायचा. त्याला रागावलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटचं कधी रागावलो होतो, हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

अशा माणसाच्या पुढच्या दाताचा कोपरा एका सकाळी उशीवर सापडला. तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा. तुकडा हातात घेऊन तो बराच वेळ पलंगावर बसून राहिला, कारण झोपेतलं स्वप्न अजून पुरतं ओसरलं नव्हतं. नेहमीचंच स्वप्न. मोठ्या टाकीच्या तळावरून तो अंगावरच्या कपड्यांनिशी चालतोय, पाणी कोमट आहे, मासे वाट देतायत, आणि तोंडात गोटे भरलेत. ते तो चावतोय. घाई नाही, भीती नाही. जणू त्याला तेवढंच काम नेमून दिलंय.

दातांची डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिनं आरसा तोंडात फिरवला आणि विचारलं, "काका, तुम्हाला राग फार येतो का?"

"मला? छे!"

"मग झोपेत दात कोण खातं? पुढचे सगळे झिजलेत."

"मी सांगते," शेजारच्या खुर्चीवरून त्याची बायको म्हणाली. "खडीवरून गाडी जावी तसा आवाज येतो. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळ्यांचेच नवरे असे वाजतात."

डॉक्टर हसली आणि मग तिनं नीट समजावलं. वाटा दोन. एक व्हिनियर, म्हणजे नखाएवढी पातळ चकती, दाताच्या फक्त दर्शनी बाजूला चिकटवायची. दात जरासाच खरवडायचा. बाकी तो आपलाच राहतो. दुसरी कॅप. त्यासाठी दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचा आणि वर टोपी चढवायची.

"कॅप दणकट," ती म्हणाली, "पण घासलेला दात परत येत नाही. व्हिनियर सुरेख दिसतं, पण तुम्ही असंच दळत राहिलात तर कधी उडेल, सांगता यायचं नाही. घाई नाही. तोवर झोपताना दातांवर एक साचा चढवायचा, म्हणजे दातावर दात घासणार नाही."

तिनं त्याच्या दातांचं माप घेतलं आणि काही दिवसांनी एक पारदर्शक साचा करून दिला. सकाळी तो साचा खिडकीशी धरला की त्यावर रात्रीचे ओरखडे दिसत. आपण न लिहिलेलं आपल्याच अक्षरात सापडावं, तसं त्याला वाटायचं.

रविवारी दादा आला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, गाडी शिकवणारा. शेजारी नवशिक्याला बसवून दिवसभर "ब्रेक! अरे ब्रेक!" असं ओरडायचा त्याचा धंदा, आणि घरीही आवाज त्याच पट्टीत. धाकट्यानं कुठल्या शाळेत जायचं, काय शिकायचं, हे दादानंच ठरवलं होतं. मत्स्यालयातली नोकरीही त्यानंच लावून दिली होती. आणि ती नेमकी आवडली, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नव्हती.

"विचार कसला करतोस?" चपला काढता काढताच दादा म्हणाला. "सरळ कॅप. मी बसवल्यात ना! बुधवारी सकाळची वेळ घेऊन टाकलीय तुझी, माझ्या डॉक्टरकडे."

"नको," तो म्हणाला.

बायको मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"काय नको?"

"कॅप नको. दात माझा आहे. मला तो घासायचा नाही." एवढं बोलतानाच त्याची कानशिलं गरम झाली, आवाजही जरा वर गेला. दादाचा चेहरा लाल झाला. आता भडका उडणार म्हणून तो वाट पाहत राहिला, पण दादा धपकन खुर्चीत बसला.

"तू का बसवल्यास?" धाकट्यानं विचारलं.

"झिजले म्हणून." दादानं ताटलीतली एक शेंग उचलली. "मी पण खातो रे झोपेत."

"तू? तू तर दिवसभर ओरडतोस. मला वाटायचं, तू बोलून मोकळा होतोस."

"ओरडतो ते ब्रेकसाठी. बोलायचं असतं ते राहतंच."

"काय राहतं?"

दादा शेंगेची शीर ओढत बसला. "बाबा गेले तेव्हा मिसरूड नव्हतं फुटलं मला. तुला विचारून काही करायला गेलो असतो आणि तू रडला असतास, तर मला काय करावं ते सुचलं नसतं. म्हणून कधी विचारलंच नाही. सांगत सुटलो."

बायकोनं ताटली दोघांच्या मध्ये सरकवली. दोघे भाऊ मटार सोलत बसले, आणि बाहेरचं ऊन जमिनीवरून इतकं सावकाश सरकत होतं, की तेही पाण्याखालीच आहे असं वाटावं.

पुढच्या खेपेला त्याच्या त्या तरुण डॉक्टरनं साचा उजेडात फिरवून पाहिला. नवे ओरखडे फिकट होते, पण होते.

"व्हिनियर टिकेलच, अशी पैज मी लावणार नाही हं, काका. साचा कायम घालावा लागेल."

"घालीन. आणि व्हिनियर उडालं, तर परत येईन."

तिनं रंगांची पट्टी ओठांशी धरली. "हा सगळ्यात पांढरा. आणि हा तुमच्यासारखा, किंचित पिवळट."

"माझ्यासारखाच द्या."

काम चाललं तेव्हा तो डोळे मिटून होता. दिव्याचा उजेड पापण्यांतून केशरी झिरपत होता, कुठेतरी पाणी बुडबुडत होतं, डॉक्टरचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. जबडा इतका सैल सुटला, की तोंड आपलं आहे हेही तो विसरला. घरी आल्यावर बायकोनं हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. "नवं काय ते कळतच नाही," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "बरंय की!"

स्वप्न सुटलं, असं काही नाही. अधूनमधून यायचं. पण आता रविवारी दादाचा फोन आला, की पहिलं वाक्य असायचं, "तुला काय वाटतं?" सवय नसल्यामुळे ते तो ओरडूनच विचारायचा.

पुढच्या तपासणीला दादाही सोबत आला. त्यालाही साचा करून घ्यायचा होता. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता, गर्दी होती. दादा मासिक चाळता चाळता पेंगला आणि त्याचं डोकं धाकट्याच्या खांद्यावर आलं. ओठ जरासे उघडे, श्वास संथ. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा नंबर पुकारला. थंडोबानं खांदा न हलवता हात वर केला आणि शेजारच्या बाईंना खुणेनं आत जायला सांगितलं.