जाडे पाच

दादाजी माणूस वाईट नव्हता, पण चिल्लर दिसली की त्याची नजर बदलायची. त्याची बायको कुंता रोज सकाळी तलावावरची मासोळी टोपलीत घालून सिंदेवाहीच्या बाजारात जायची आणि दुपार कलली की परत यायची. तिचे हातपाय धुऊन होत नाहीत तोच नवरा तिच्या कंबरेची पिशवी चटईवर उलटी करायचा. नोटांना तो हात लावत नसे. पाच रुपयांचे जुने, जाडे, वजनदार शिक्के तेवढे वेचायचा, एकेक बोटांत फिरवून बघायचा आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवायचा.

लग्नाआधी तो नागपूरला नळाच्या तोट्या ओतणाऱ्या एका कारखान्यात होता. तिथल्या कारागिरानं त्याला सांगितलं होतं, या शिक्क्यात तांबं आणि निकेल आहे. आज ना उद्या छापलेल्या किमतीपेक्षा आतला धातूच महाग होईल. कारखाना सुटला, दादाजी गावी येऊन तलावात जाळं टाकू लागला, पण ते बोलणं काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं पाचचा शिक्का पातळ निघू लागला तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. जाडे शिक्के जसे कमी दिसू लागले तसा तो पानठेल्यावर, किराण्यात, जिथं दिसतील तिथं कुंताकडून घेतलेली नोट देऊन ते मागून आणू लागला. पाच लिटर तेलाचे दोन डबे काठोकाठ भरले.

कुंताला याचा राग नव्हता आणि कौतुकही नव्हतं. नवरा दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही. डबे भरतो तर भरो. बाजारात मात्र तिची पंचाईत व्हायची. गिऱ्हाइकानं मोठी नोट काढली की सुट्टे नसत. मग शेजारच्या भाजीवाल्या रुखमाला विचारायचं, तिच्याकडेही नसले तर पाच रुपयांवर पाणी सोडायचं. कधी गिऱ्हाईकच टोपलीत मासोळी परत टाकून निघून जायचं.

यंदा तांब्याचा भाव चढल्याचं दादाजीच्या कानावर आलं. चंद्रपूरचा एक भंगारवाला असे शिक्के किलोवर घेतो, अशी खबर पुतण्यानं, प्रफुलनं, फोनवर दिली. दोन्ही डबे एकट्याला उचलवेनात, म्हणून कुंता सोबत निघाली. एसटीत मूल गावापर्यंत बसायला जागा मिळाली नाही; दोघं आपापला डबा पायांत धरून उभे होते.

भंगारवाल्यानं मूठभर शिक्के काढून लोहचुंबक लावून बघितलं. एकही चिकटला नाही. मग त्यानं डबे काट्यावर चढवले आणि जो आकडा सांगितला तो शिक्क्यांच्या किमतीच्या दीडपट होता. दादाजीनं चेहरा कोरडा ठेवला, पण त्याची बोटं गुडघ्यावर नाचू लागली. भंगारवाल्यानं पावती लिहून पुढं सरकवली. कुंता सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं वाचलं : पितळेची जुनी भांडी.

"हे तं शिक्के हायेत," ती म्हणाली. "भांडे काऊन लिहून राह्यले?"

"बाई, शिक्के वितळवणं गुन्हा हाये," भंगारवाला शांतपणे म्हणाला. "कागदावर भांडेच रायते. ज्याचा माल हाये त्यानं सही करा, बस."

दादाजीनं पेन उचलला.

"माल कोणाचा हाये?" कुंतानं विचारलं.

"काऊन? माझाच."

"तुमी कुठून आनला?"

हा प्रश्न दादाजीला कधी पडलाच नव्हता. खरं म्हणजे कुंतालाही या घडीपर्यंत पडला नव्हता; तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"माझ्या टोपलीचे पैसे हायेत हे," ती म्हणाली. "मले असल्या कागदावर नाई विकाचे. उद्या पोलीस आले तं तुमी तलावात असान आन् मी दारात."

तिनं डब्यांची झाकणं लावली. परतताना मूलच्या स्टँडवर दादाजीनं दोन चहा आणले आणि एक तिच्यापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी कुंतानं एका डब्यातून दोन ओंजळी शिक्के पिशवीत घेतले आणि बाजारात बसली. पहिल्याच गिऱ्हाइकानं झिंगे घेऊन शंभराची नोट दिली. तिनं हिशेबानं सुट्टे परत केले. आजूबाजूची दुकानं सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं हातावर ठेवत होती. महिनाभरात लोकांना कळलं की कुंताबाईकडं नोट मोडते. रुखमा तिच्याकडं सुट्टे मागू लागली. दुपारी उरायची ती मासोळी आता उरेनाशी झाली.

घरी डबा उतरत चालला. दादाजीला ते बघवेना.

"कुंते, एकेका शिक्क्यात सात-आठ रुपयांचा धातू हाये. तू पाचात देऊन राह्यली."

"नुसता पाचात नाई जात तो," कुंता चुलीकडं बघत म्हणाली. "त्याच्यासंगं अर्धा किलो मासोळीबी जाते."

त्यानंतरच्या आठवडी बाजाराला दादाजी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर आला आणि दिवसभर मागं बसून बघत राहिला. एक जाडा शिक्का हातात गेला की त्याची मान त्या गिऱ्हाइकामागं वळायची. संध्याकाळी घरी पोचल्यावर म्हणाला, "एक डबा राहू दे. तेवढा माझ्यासाठी."

कुंतानं राहू दिला. तो त्याचं काय करणार, हे तिनं विचारलं नाही. त्यालाही ते सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या सुमाराला तिनं मासोळीसाठी बर्फाची पेटी घेतली. ती आणायला दादाजी सायकल घेऊन गेला. पेटी कॅरिअरवर दोरीनं बांधून पायीच परतला, आणि वाटेत जो जो थांबवून विचारेल त्याला, पेटी कुंतानं घेतली, असं सांगत आला.