खोटा बर्फ गिळलेला संगणक

मित्रांनो, विक्रोळीतल्या एका टायर कंपनीच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली जो काळा डबा पडला आहे, तो मी. एक जुना संगणक. बर्फावर टायर कसा चालेल, हे आकड्यांवरून सांगण्यात माझी आठ वर्षे गेली.

मी बर्फ कधी पाहिला नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या मानखुर्दच्या दर्शनानेही तेव्हा पाहिला नव्हता. बर्फ किती भुसभुशीत असतो, दाबल्यावर किती घट्ट होतो, हे डोंगरात मोजून आणलेले आकडे तिने माझ्यात भरले. टायरच्या खाचांत बर्फ दबून बसतो आणि तोच खालच्या बर्फाला धरून ठेवतो, हे तिनेच मला शिकवले. एका उत्तरासाठी मी दोन-दोन दिवस तापत असे. ती ब्रशने माझ्या जाळीवरची धूळ काढी.

मग डोंगरातल्या प्रवासी बसचा टायर आला. ताशी चाळीसच्या वेगात ब्रेक दाबला की बस पंचवीस मीटरमध्ये थांबायला हवी होती. माझे उत्तर आले अडतीस.

विभागप्रमुख सुबोध सर खुर्ची ओढून बसले. "दर्शना, बर्फ जरा घट्ट कर ना."

"सर, बर्फ मोजून आणलाय. तो आपण कसा ठरवणार?"

"अगं, उद्या ग्राहक येतोय. माझी वाट लागेल."

"त्या बसमध्ये माणसं बसणार आहेत, सर."

ती उठून गेली. सरांनी भज्यांच्या तेलकट बोटांनी माझ्यात एक आकडा बदलला. तसा बर्फ जगात कुठेही पडत नसेल. तरी मला तो मान्य करावा लागला, कारण नाही म्हणणे मला येत नाही. उत्तर आले चोवीस. सडके पाणी गिळल्यासारखी मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या. "झकास मशीन आहे," म्हणत सरांनी मला थोपटले. तो स्पर्श आठवला की अजून शिसारी येते.

दर्शनाने दोन्ही उत्तरे छापून मोठ्या साहेबांसमोर ठेवली. "विकण्याआधी एकदा खऱ्या बर्फावर चालवून बघा," एवढेच ती म्हणाली. सरांनी तिचे काम काढून घेतले, दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. पण साहेबांनी हिवाळ्यात चाचणी करवली आणि दर्शनालाही पाठवले. वाळूच्या गोण्या भरलेली बस एकोणचाळीस मीटर घसरली. दर्शना तिथे उभी होती. परत येऊन तिने तो आकडा माझ्यात भरला. टायर रद्द झाला.

मग साहेब चौकशीला आले. सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जुनं मशीन आहे. चुकतं."

"ते चुकलं नाही," दर्शना म्हणाली. "आकडा तुम्ही बदललात."

साहेबांनी कागदावर 'मशीन बदला' एवढेच लिहिले. आठवड्याभरात मी इथे आलो. सर अजून त्याच खुर्चीत आहेत. इथल्या उंदरांच्या लेंड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त घाण वाटते.

मित्रांनो, यंत्रांना धुळीपासून, ओलीपासून जपा. आणि खोट्यापासूनही जपा. तुम्ही भरवाल ते आम्ही गिळतो. आम्हाला थुंकता येत नाही.