डाव्या डोळ्याची गोष्ट

तीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरकाकांना डाव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं होतं, आणि हे त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं. तो म्हणजे हास्यक्लबात रोज त्यांच्या शेजारी उभा राहून गडगडाटी हसणारा निवृत्त कंपाउंडर, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. "या कानाचं त्या कानाला कळता कामा नये," असं त्यांनी त्याला बजावलंही होतं.

तिसऱ्या दिवशी मुलाने गाडीची किल्ली मागून घेतली. "बाबा, उद्यापासून छकुलीला शाळेत मी सोडीन," एवढंच तो म्हणाला. सूनबाई मान खाली घालून डबा भरत राहिली.

सकाळी काकांनी कंपाउंडरला बागेच्या फाटकातच गाठलं.

"तूच सांगितलंस ना?"

"मीच. मागच्या सीटवर पोर बसते रे."

"मग माझ्याशी भांडायचं होतंस. माझ्या पाठीमागे माझ्याच मुलाकडे गेलास?"

"तू ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं, हे काकांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते जास्तच झोंबलं. त्या दिवशी ते गोलात दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. सगळ्यांबरोबर हात वर गेले, पण हसू काही फुटेना.

पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि लख्ख दिसायलाही लागलं. कंपाउंडर भेटायला आला, तेव्हा काकांनी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला, मग उठून गेला, तरी ते वळले नाहीत.