डाव्या बाहीचे माप

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. इतकी जुनी, की माझा पहिला इंच पार पुसला गेला आहे आणि माप दुसऱ्या इंचापासून घ्यावे लागते. जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावले बिट्टीच्या आईने. ती घरी कपडे शिवते. मी तिच्या गळ्यात असते आणि घेतलेले प्रत्येक माप ती वहीत तारखेसकट लिहिते.

कुणाचा खांदा उतरता असो की पोट सुटलेले, तिने शिवलेला कपडा घातला की काही कळत नाही. गिऱ्हाइके तोंडभर कौतुक करत आणि मीही उगाच फुशारत असे.

या कसबानेच घात केला. आठ वर्षांच्या बिट्टीच्या डाव्या दंडावर लालसर, टणक गाठ आली. ती दुखत नव्हती. किडा चावला असेल, जाईल, असे सगळे म्हणाले. गणवेशाच्या वेळी डावा दंड उजव्यापेक्षा पाव इंच जास्त भरला. आईने तेवढी बाही सैल केली. पुढच्या फ्रॉकला अर्धा इंच, पुन्हा सैल. मला दिसत होते, पण मला कुठे तोंड आहे?

तिसऱ्यांदा पाऊण इंच जास्त भरला, तेव्हा आईचा हात थांबला.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारले, गाठ कधीपासून आहे? बाबा म्हणाले दोन महिने, आत्या म्हणाली चार. काखेत कळसा नि गावाला वळसा! आईने पिशवीतून वही काढली. चौदा महिन्यांची मापे होती.

"मीच झाकली हो ही गाठ. बाही सैल करत गेले," म्हणताना तिला रडू कोसळले.

"झाकलीत तुम्ही, पण लिहूनही तुम्हीच ठेवलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सतत वाढतेय, हे त्यावरूनच कळलं. आता थांबायचं नाही."

गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. मुलांत क्वचितच होणारा कातडीचा ट्यूमर निघाला. तो सहसा दूर पसरत नाही, पण कातडीखाली मुळे सोडतो. नुसती गाठ काढली तर पुन्हा उगवतो. म्हणून भोवतीची चांगली कातडीही काढायची. "म्हणजे माया ठेवून कापायचं," आई म्हणाली. शिवणीबाहेर जास्तीचे कापड सोडायचे, हे तिला कुणी शिकवायला नको होते.

शस्त्रक्रियेत पहिल्या खेपेला काढलेल्या कातडीची एक कड खराब निघाली, म्हणजे तिथवर ट्यूमर पोचला होता. पुन्हा थोडे कापले, पुन्हा तपासले. बाहेर बाकावर आईच्या मुठीत मी घामाने भिजले होते. मग निरोप आला, सगळ्या कडा स्वच्छ आहेत.

त्याला तीन वर्षे झाली. परवा बिट्टीने बिनबाह्यांचा फ्रॉक मागितला. व्रण दिसला तर दिसू दे, म्हणाली. तरी आईने दोन्ही दंडांना मला गुंडाळलेच.

"बाहीच नाही, तर दंड कशाला मोजतेस?"

"फ्रॉकसाठी नाही गं. तुझ्यासाठी."

मित्रांनो, न दुखणारी पण वाढणारी गाठ कपड्याआड ठेवू नका, मोठ्यांना दाखवा. मी नुसता आकडा दाखवते. तो पाहून थांबलेल्या हाताचे आणि नीट कापणाऱ्या हातांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

माझा दुसरा इंचही आता पुसट होतो आहे. होऊ दे. बिट्टीचे दंड मोजण्यापुरते आकडे अजून शिल्लक आहेत.