सोज्वळ अस्वल

मशीनची सुई कट्कन तुटली. दुपारच्या गप्प घरात तेवढ्यानंही आयुष पाळण्यात दचकला, हात उडवले आणि पुन्हा निजला. रकूनच्या शेपटीचा शेवटचा काळा पट्टा मी हातशिलाईनं लावला. शेपूट नवऱ्याच्या, राजदीपच्या करड्या स्वेटरची, पट्टे फाटक्या छत्रीचे.

अमेरिकेतलं हे जनावर माझ्या खुशबूनं मोबाइलवर पाहिलं होतं. डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा, आणि खाणं पाण्यात धुतल्यासारखं चोळायची सवय. शाळेच्या प्राणीसंमेलनात तिला तेच व्हायचं होतं. जिवाची मैत्रीण दिव्यानी अस्वल होणार होती. दोघींना मंचावर हात धरून उभं राहायचं होतं. घरात दुसरा विषय नव्हता.

पण संस्थेच्या गुणवंतरावांनी प्राण्यांच्या दोन रांगा केल्या. शाकाहारी मंचावर, पाहुण्यांना फूल देणार. मांसाहारी खाली सतरंजीवर, नुसतं गुरगुरणार.

रकूनची रांग विचारायला शेपूट घेऊन मी शाळेत गेले.

"हे मांजरातलं का कुत्र्यातलं?" इंदू मॅडमनी विचारलं.

"दोन्ही नाई. पहिले शास्त्रज्ञांनी अस्वलांत घातलं होतं, मंग त्याचं कुळच वेगळं केलं."

"खाते काय?"

"मका, फळं, मासे, अंडे. भेटलं ते."

"अंडे म्हणाल्या न? खाली."

"मॅडम, गण पाहाल त अस्वलही मांसभक्षीच आहे. ते वर काऊन?"

"ते मोहफुलं खाते."

"वाळवीबी खाते. अन् माणसाले फाडते ते?"

"फाडते, पण खाते थोडीच!" गुणवंतराव दारातूनच म्हणाले. "आपल्या इकडचं अस्वल सोज्वळ असते, बाई."

"मंग जुन्या नात्यानं रकूनलेही घ्या न अस्वलांत."

त्यांनी मान हलवली. "एकदा कुळ वेगळं झालं, का नातं संपलं."

संमेलनाच्या दिवशी माझी लेक वाघ-कोल्ह्यांच्या मधे शेपूट मांडीवर घेऊन बसली. सगळे गुरगुरले. ही मात्र हवेत हात धूत राहिली. मंचावर दिव्यानी फूल धरून उभी, डोळे खाली हिच्याकडं. पाहुण्यांनी हात पुढं केला आणि अस्वलानं धप्पकन खाली उडी मारली. रकूनचा हात धरून तिथंच बसलं, फुलासकट.

"अगं अस्वला, वर ये! तू शाकाहारी आहेस!" इंदू मॅडम ओरडल्या. मंडप हसला. पाहुण्यांचा हात तसाच राहिला.

घरी मी खुशबूच्या डोळ्यांभोवतीचं काजळ खोबरेल तेलानं पुसत होते. ती हळूच म्हणाली, "आई, दिव्यानी आपल्या इथी अंड्याची भुर्जी खाते न, तिच्या घरी नाई सांगत. मॅडमले समजलं त तिले कुठी बसवतीन?"