मी तिला लागलोच नव्हतो

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कसली जुनाट काडी! पिसे झडलेली, रंग उडालेला, अंगाला बाक आलेला. पण जरा जवळ या. मी एक बाण आहे. जंगलात हरवलेला आणि पुन्हा घरी आलेला बाण. हरवलेले बाण सहसा परत येत नाहीत. मी आलो, आणि कधी कधी वाटते, नसतो आलो तर बरे झाले असते.

मिशिगनच्या उत्तरेकडे एका छोट्या गावात ऑर्विल कुइपर नावाच्या सुताराने मला घडवले. बर्फाने रस्ते बंद झाले की तो घरामागच्या शेडमध्ये शेगडी पेटवून बाण करायला बसे. माझे अंग सीडरच्या लाकडाचे. ते त्याने शेगडीच्या उबेवर धरून, बोटांनी दाबत दाबत सरळ केले. एक डोळा मिटून तो मला न्याहाळायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा उबेवर धरायचा. टर्कीची पिसे त्याची बायको नेल्डा हिने निवडली. पिसे एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण भरकटतो. ऑर्विलपेक्षा तिची नजर त्यात पक्की होती. मग माझ्या कमरेला पिवळा आणि निळा पट्टा आला, पुढे पोलादी पाते बसले, आणि कानशीने त्याला अशी धार लागली की मी स्वतःच जरा बिचकलो.

ऑर्विलचे धनुष्यही त्याने स्वतःच तासलेले होते. साधे, लाकडी. त्या सुमारास चाके आणि तारा लावलेली नवी धनुष्ये दुकानात आली होती. त्याचा शिकारीचा सोबती हार्लन, गावातला पेट्रोल पंपवाला, याने लगेच एक घेतले आणि मिरवत शेडमध्ये आला.

"बघ ऑर्विल, चाकं आहेत माझ्या धनुष्याला, चाकं!"

"मग रस्त्यावर चालव की. जंगलात कशाला नेतोस?"

"तू बस काड्या तासत. हरणं म्हातारी होऊन मरतील, तोवर तुझा बाण व्हायचा नाही."

पण मला सुटताना पाहिल्यावर हार्लननेही मान डोलावली. शेडमागे गवताच्या भाऱ्यावर ऑर्विल सराव करायचा. तो जिथे बघेल तिथे मी जायचो. तो मला उपसून काढायचा, पिसांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "हा माझा शहाणा बाण." खोटे कशाला बोलू, मला गर्व झाला होता. पुढे सरावाला तो दुसरे बाण घेऊ लागला आणि मला हरणासाठी राखून ठेवले.

तो दिवस ऑक्टोबरच्या अखेरचा होता. टेकाडावर ओकची झाडे, खाली त्यांची फळे पडलेली. ऑर्विल एका बुंध्याला पाठ लावून उभा होता. दुपार कलली तशी एक हरिणी फळे वेचत आली. तिच्या डाव्या कानाचा तुकडा उडालेला होता. ती इतकी जवळ आली की तिच्या दातांखाली फळे फुटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. ऑर्विलने दोरी ओढली. त्याचा श्वास थांबलेला मला कळला. मग बोटे सुटली.

मित्रांनो, हरणाचे कान फार तिखट असतात. दोरीचा आवाज माझ्याआधी तिच्यापाशी पोहोचला. पळण्याआधी हरीण अंग चोरून खाली दबते, तशी ती दबली, आणि मी तिच्या पाठीवरून निघून गेलो. तिच्या अंगाची ऊब मला जाणवली. पण तिच्या एका केसालाही माझा स्पर्श झाला नाही. पुढे नेच्यांच्या दाट पानांमध्ये एक कुजलेला ओंडका आडवा पडला होता. त्यात मी पिसांपर्यंत घुसलो. धप्प असा आवाज झाला.

तो आवाजच घात करून गेला. बाण अंगात शिरतो तेव्हा अगदी तसाच आवाज होतो.

ऑर्विल जागचा हलला नाही. शिकाऱ्यांत नियमच आहे तसा. बाण सोडल्यावर अर्धा तास थांबायचे. जखमी हरीण जवळच कुठेतरी बसते. लगेच मागे लागले तर ते लांबवर पळते आणि सापडेनासे होऊन तडफडून मरते. ऑर्विल नियमाने थांबला, आणि नेमका त्या अर्ध्या तासात पाऊस आला. साधासुधा नव्हे, पाने झोडपणारा.

पावसातच हार्लन येऊन पोहोचला. "लागला?"

"लागला. आवाज ऐकला मी."

"रक्त दिसलं?"

"आता कुठून दिसणार! सगळं धुऊन निघालं."

दोघे वाकून वाकून शोधू लागले. हार्लन तर माझ्याच ओंडक्यावर बूट टेकून उभा राहिला. नेचे माझ्यावर झुकले होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे, खाली बघ, खाली बघ!

"चुकला असेल, लेका," हार्लन म्हणाला. "मला तरी काही दिसत नाही."

"शेपटी खाली दाबून पळाली ती. नुसतं घाबरलेलं हरीण शेपटी वर करून पळतं."

"सगळीच काय नियम वाचून पळतात? चल, न्यूमोनिया होईल."

पुढचे मला घरी आल्यावर कळले. हार्लन आजही ते हसत हसत सांगतो. गावातले शिकारी रात्री जमतात त्या झोपडीत एक जुनी रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर ठोकायचा. हार्लन कात्री घेऊन उभा राहिला तेव्हा ऑर्विल म्हणाला, "नको कापू. मी चुकलो नाही."

सगळी झोपडी हसली. "सगळे हेच म्हणतात! बायकोने नवा घेऊन दिलाय वाटतं शर्ट?"

"हार्लन, ऐक माझं. ती तिकडे कुठेतरी पडलीय. भिजतेय."

पण ते कोणाला खरे वाटेना. त्यांना वाटले, हा लाज राखायला बोलतोय. शर्ट कापला, भिंतीवर लागला, त्याखाली ऑर्विलचे नाव लिहिले गेले. जेवायला हरणाच्या मांसाचा झणझणीत रस्सा होता. ऑर्विलने वाटीला हात लावला नाही.

आणि ती हरिणी? ती दुसऱ्याच दिवशी सकाळी आली! तुटका कान हलवत, त्याच ओकखाली. तिने माझी पिसे हुंगली, एकदा शिंकली आणि फळे खाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती पाडसे घेऊन आली. पाडसे माझ्याजवळ बागडायची. मी खूश व्हायचो, आणि मग ऑर्विलची आठवण येऊन कसनुसे व्हायचे.

कारण तोही यायचा. दर पानगळीत. धनुष्य घरी ठेवून, हातात नुसती काठी घेऊन. पाने उचकायचा, गुडघ्यावर बसून बघायचा. त्याची चाहूल लागताच हरिणी केव्हाच पसार झालेली असायची. एकदा नेल्डा सोबत होती.

"काय शोधतोस इतकं?" तिने विचारले.

"बाण. तो साफ मिळाला तर मी सुटलो. रक्ताचा मिळाला तर निदान कळेल तरी."

"आणि नाहीच मिळाला तर?"

काठीने पाने सारत तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्या क्षणी मला माझ्या मुकेपणाचा जितका राग आला तितका कधीच आला नाही.

ओंडक्याचा हळूहळू भुसा होत गेला. पाऊस माझ्या पात्यापर्यंत पोहोचला, मग बर्फ, मग पुन्हा पाऊस. माझी धार गंजली, पट्ट्यांचा रंग गेला. शेवटी मी ओंडक्यातून सुटून मातीवर पडलो, आणि अळंबी वेचायला आलेल्या नेल्डाच्या हाती लागलो. माझी उरलीसुरली पिसे तिनेच निवडलेली होती. तिने मला ओळखले आणि अळंबीची टोपली तिथेच टाकून ती घराकडे धावली.

"ऑर्विल! सापडला! साफ आहे बघ, रक्ताचा एक डाग नाही. तू चुकला होतास!"

ऑर्विलने मला दोन्ही हातांत घेतले. त्याने मला फिरवून फिरवून पाहिले, पात्यापाशी नाक नेले. मी जीव तोडून सांगत होतो, नाही लागलो रे, नाही लागलो!

"साफ असणारच," तो म्हणाला. "आरपार गेला असणार, आणि इतक्या वर्षांच्या पावसानं काय शिल्लक ठेवलं असतं? कुठे मिळाला?"

बिचारी भाबडेपणाने सांगून बसली. मी सापडलो आणि उलटेच झाले. माझ्यावरून त्याला हरिणीच्या वाटेची दिशा मिळाली. आता तो बाण शोधत नव्हता. हाडे शोधत होता. नेल्डा त्याला रोज सांगायची, "जंगलात हाडं असतातच. कडक थंडीत किती हरणं मरतात, तुला ठाऊक नाही का?" तो कोट चढवून निघून जायचा.

आणि एके दिवशी तो घेऊन आला. हरणाचा एक जबडा, हिरवट, शेवाळलेला. कुठल्या हरणाचा, कोण जाणे. पण तिचा नव्हे. त्या जबड्यावर जुने शेवाळ साचले होते, आणि ती तर मी सापडण्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्याजवळ उभी होती.

"हीच ती," तो म्हणाला.

नेल्डाने तोंड उघडले. मग तिने त्याचा चेहरा पाहिला, काहीतरी जळतंय असे पुटपुटली आणि चुलीकडे वळली. त्या दिवसापासून ती त्या विषयावर एक शब्द बोललेली नाही. ऑर्विलने तो जबडा खिडकीत ठेवला आणि मला त्याच्या शेजारी. हार्लन आला की विचारतो, "कशाला ठेवलंयस हे इथे?" ऑर्विल म्हणतो, "असू दे." तो आता जंगलात जात नाही. सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि त्या हाडावरून अंगठा फिरवतो.

मित्रांनो, मला जंगलात पडून राहण्याचे दुःख नव्हते. दुःख आहे ते साक्षीदार असून खोट्या गुन्ह्याच्या शेजारी पडून राहण्याचे. तुमच्या घरातही कुणी असे न केलेल्या पापाचे ओझे वाहत असेल, तर त्याला सांगा. त्याने ऐकले नाही तर पुन्हा सांगा. त्याचा चेहरा बघून चुलीकडे वळू नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.